जंतूंना औषधाची ‘सवय’ लागत नाही हो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अँटिबायोटिक्सवर एक बातमी होती. लोक डॉक्टरांना न विचारता गोळ्या घेतात, अर्धवट सोडतात आणि मग जंतूंना औषधाची सवय होते, असं त्यात लिहिलं होतं. बातमी चांगली, हेतूही चांगला, पण तो ‘सवय’ शब्द वाचला आणि हातातला पाव चहात बुडवलेला तसाच राहिला, शेवटी तुटून खाली बसला. रागावून लिहीत नाहीये बरं का. मी स्वतः फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीसुद्धा वर्गात हेच सांगायचे, सवय होते म्हणून. मुलांना पटकन कळतं ना, दारूची होते तशी, तंबाखूची होते तशी. पण ते चूक आहे आणि यंदा मे महिन्यात ती चूक माझ्याच अंगावर आली.

झालं असं, की लघवीला जळजळ सुरू झाली, मेचा उकाडा, पाणी कमी प्यायले असेन असं वाटलं, दोन दिवस कोकमाचं सरबत आणि धण्याचं पाणी पिऊन काढले. नाही राहिलं तेव्हा फार्मसीत गेले आणि (हे लिहायला लाज वाटते पण लिहितेच) चिठ्ठी नसताना सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी घेऊन आले. पट्टीवर लाल रेघ होती, २०१६ पासून सरकार सांगतंय की लाल रेघ दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, मला ते माहीत होतं, देणाऱ्यालाही माहीत असणारच. चार दिवस गोळ्या घेतल्या, काडीचा फरक नाही. मग डॉक्टरांकडे. त्यांनी आधी ओरडा दिला आणि मग कल्चर करायला सांगितलं. तीन दिवसांनी रिपोर्ट हातात आला, जंतू ई. कोलाय, खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर आर किंवा एस. आर म्हणजे लागू पडत नाही, एस म्हणजे पडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. को-ट्रायमॉक्सॅझोल आर. सेफिक्झिम आर. सेफ्ट्रायॲक्सोन आर. मग नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, ॲमिकासिन, मेरोपेनेम यांच्यासमोर एस. आणि तळाला ठळक अक्षरात ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे पेनिसिलिन आणि सेफ-वाली औषधं फोडणारं प्रथिन या जंतूकडे आहे.

आता गंमत बघा. सेफ्ट्रायॲक्सोन हे इंजेक्शन आहे आणि ते मी जन्मात कधी घेतलेलं नाही. सेफिक्झिमही नाही. मग माझ्या अंगातल्या जंतूला त्याची सवय कुठून लागली? मी दारू प्यायलेच नाही आणि माझ्या लिव्हरला सवय, असं झालं हे.

उत्तर असं आहे की सवय वगैरे कोणालाच लागलेली नाही. त्या जंतूकडे एक कडं आहे. म्हणजे डीएनएचं छोटंसं गोल कडं, बांगडीसारखं, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्गने १९५२ साली दिलं. त्या कड्यावर लिहिलेलं असतं औषध कसं निकामी करायचं ते, आणि हे कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, तेही दुसरा आपल्या जातीचा नसला तरी. माझ्या पोटात ते कडं आयतं घातलेला जंतू आला की इथल्याच जंतूला दुसऱ्या कोणी ते दिलं हे सांगता येत नाही, पण औषध मी न घेताच त्याच्याकडे ते होतं एवढं नक्की.

पण कडंच का? आपण शाळेत डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी असं चित्र बघतो, तिला वरखाली दोन टोकं असतात, पाठ्यपुस्तकात तशीच, डॉक्टरांच्या भिंतीवर तशीच, मोबाइलवर येणाऱ्या त्या पूर्वज-शोध टेस्टच्या जाहिरातीतही तशीच. आपल्या पेशीच्या केंद्रकातला डीएनए तसा आहेच, ४६ सुटे धागे, प्रत्येकाला दोन टोकं. पण जंतूंमध्ये बहुतेकांचा मुख्य डीएनएसुद्धा एकच मोठं कडं असतो, टोक नाहीच. (अपवाद आहेत. लाइम रोगाच्या बोरेलियाचा सरळ असतो, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचाही.) टोक नसण्याचा एक फायदा सरळ आहे. धाग्याची नक्कल काढताना टोकाचा थोडा भाग दर वेळी सुटतो, म्हणून आपल्या धाग्यांना टोकांवर टेलोमिअर नावाची जास्तीची शेपटी ठेवावी लागते, ते कोडं सोडवणाऱ्यांना २००९ चं नोबेल मिळालं. कड्याला टोकच नाही म्हटल्यावर झिजणार काय?

मात्र फुकट काही मिळत नाही. यात एक मोठी अडचण आहे आणि ती मी माझ्या नातीला सुंभाने दाखवली, सुट्टीला आली होती, सातवीत आहे. मागच्या चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट) बांधून उरलेलं सुंभ पडवीत होतं, दोन पेडांचं. एक हातभर तुकडा घेतला, तिला म्हटलं मधोमध बोटं घालून दोन पेड वेगळे कर. केले तिने. जसजसे पेड सुटत गेले तसतसा पुढच्या भागात पीळ घट्ट होत गेला, पण टोक सुटं होतं म्हणून ते आपोआप गरगर फिरलं आणि पीळ निघून गेला. मग तसाच दुसरा तुकडा घेऊन त्याची दोन्ही टोकं पेडाला पेड जुळवून पक्की बांधली, कडं केलं. आता कर म्हटलं वेगळे. थोडं झालं आणि मग सुंभ स्वतःभोवतीच वळायला लागलं, गाठी-गुठळ्या, शेवटी बोट आत जाईना. ती म्हणाली, “आजी, एक टोक सोड ना!” तेच तर सोडायचं नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर जाळायचंही नाहीये, जिवंत ठेवून पीळ काढायचाय.

आणि जंतूला नक्कल करायची तर हे दोन पेड पूर्ण वेगळे करावेच लागतात. ई. कोलायच्या मोठ्या कड्यात साधारण ४६ लाख बेस जोड्या (त्या शिडीच्या पायऱ्या म्हणा) आहेत, दर साडेदहा जोड्यांना एक वेढा, म्हणजे चार लाखांच्या वर वेढे. ताणून धरलं तर हे कडं दीड मिलिमीटर भरेल आणि जंतू स्वतः दोन मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या सात-आठशे पट लांबीचं सुंभ त्याने पोटात कोंबलेलं आहे. नक्कल एका जागेपासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना पळत सुटते, सेकंदाला सुमारे १००० जोड्या, समोरासमोर भेटायला ४० मिनिटं. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ९५ वेढे उलगडायचे, मिनिटाला साडेपाच हजारांच्या वर. आपला छताचा पंखा फुल्ल ठेवला तरी तीन-साडेतीनशे फेऱ्यांच्या आसपास असतो.

हे काम करणारं यंत्र १९७६ साली मार्टिन गेलर्टच्या प्रयोगशाळेत सापडलं, नाव गायरेज. ते काय करतं, तर कड्याचे दोन्ही पेड एका जागी कापतं, कापलेली टोकं स्वतः घट्ट धरून ठेवतं, त्या फटीतून कड्याचा दुसरा भाग पार करतं आणि लगेच जोडून टाकतं. एका झटक्यात पीळ कमी. मला तर हे आजही वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या क्षणी जंतूचा सगळा संसार कापलेल्या टोकांनिशी त्या एका प्रथिनाच्या हातात असतो. नक्कल पूर्ण झाली की आणखी एक पंचाईत, नवीन दोन कडी साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात, त्यातलं एक कापून दुसऱ्यातून काढून परत जोडायचं काम गायरेजचाच भाऊबंद करतो, टोपोआयसोमरेज चार.

आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं इथेच मारतं. गायरेजने कापलं आणि आता जोडणार तेवढ्यात ही गोळी मध्ये येऊन बसते, टोकं जोडूच देत नाही. कडं तुटतं, जंतू मरतो. माणसाच्या पेशींत हे काम करणारी प्रथिनं वेगळ्या घडणीची आहेत म्हणून ती गोळी त्यांच्यावर तशी बसत नाही. बघा म्हणजे, एक औषध पूर्णपणे ‘डीएनए गोल आहे आणि त्याला पीळ पडतो’ या गोष्टीवर उभं आहे आणि आपल्याकडे ते गोळ्या-बिस्किटांसारखं विकलं जातं.

आता मी घेतलेली पट्टी का चालली नाही? सिप्रोच्या बाबतीत बहुतेक वेळा जंतूच्या मोठ्या कड्यातच बारीक बदल झालेला असतो, गायरेजचा आकार थोडा बदलतो, गोळी बसायची खाच बिघडते. असा बदल लाखो-कोटींत एखाद्यात आपोआप होतो, गोळी त्याला शिकवत नाही, गोळी फक्त बाकीच्यांना मारते आणि तो एकटा मोकळ्या रानात वाढतो. इथेही सवय नाही बघा. पण १९९८ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली, क्यूएनआर नावाचं जनुक, ते प्लाझ्मिडवर बसतं आणि असं प्रथिन बनवतं की जे गायरेजला मिठी मारून सिप्रोपासून वाचवतं. मोठ्या कड्याची राखण करणारं बाहेरून आलेलं छोटं कडं! एकट्याने फार जोर नसतो त्याचा, पण तेवढ्यात जंतू तग धरतो आणि मोठा बदल व्हायला वेळ मिळतो.

आणि तळाला लिहिलेलं ते ईएसबीएल, ते तर बहुतेक वेळा प्लाझ्मिडवरच असतं. जगात सगळ्यात जास्त पसरलेली त्याची जात सीटीएक्स-एम. ते जनुक मुळात क्लुवेरा नावाच्या माती-पाण्यात राहणाऱ्या साध्याभोळ्या जंतूच्या मुख्य डीएनएत होतं. तिथून उडी मारून कधीतरी कड्यावर आलं आणि मग कड्याबरोबर फिरत फिरत सगळ्या जगातल्या हॉस्पिटलांत. क्लुवेराचं नाव कोणी ऐकलंय? मी पण रिटायर झाल्यावर ऐकलं.

देवाणघेवाण कशी होते ते सांगते, कारण हेच मला सगळ्यात जास्त आवडतं. कडं असलेला जंतू एक केसासारखी नळी बाहेर काढतो, शेजाऱ्याला चिकटवतो, जवळ ओढतो. मग कड्याच्या दोन पेडांपैकी एकालाच चीर पडते आणि तो पेड उलगडत उलगडत पलीकडे जातो, इकडे राहिलेल्या पेडावर नवा जोडीदार विणला जातो, तिकडे गेलेल्या पेडावरही. शेवटी दोघांकडे पूर्ण कडं. देणाऱ्याचं काही कमी झालं नाही. विद्या दिल्याने वाढते म्हणतात ती ही अशी. एफ नावाचं प्लाझ्मिड साधारण एक लाख जोड्यांचं आहे, ते पलीकडे जायला पाचेक मिनिटं पुरतात, म्हणजे चहाला आधण येईपर्यंत काम झालं. कधीकधी हे एफ मोठ्या कड्यातच घुसून बसतं आणि मग स्वतःबरोबर त्यालाही ओढत नेतं. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात जेकब आणि वोलमन यांनी याचाच फायदा घेतला, जोडी लागलेले जंतू ठरावीक मिनिटांनी मिक्सरसारख्या यंत्रात घालून फिरवायचे, जोड्या तुटायच्या आणि किती मिनिटांत कोणतं जनुक पोचलं ते बघायचं. वेगवेगळ्या जातवाणांत सुरुवात वेगवेगळ्या जागी व्हायची पण क्रम जुळवला तर सगळा नकाशा गोल, पूर्ण फेरीला १०० मिनिटं. म्हणजे डीएनए गोल आहे हे डोळ्यांनी दिसायच्या आधी मिक्सर फिरवून कळलं होतं. प्रत्यक्ष दाखवलं ते जॉन केर्न्सने १९६३ मध्ये, जंतूंना किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा कच्चा माल) खायला घालून त्यांचा डीएनए अलगद पसरला, वर फोटोची फिल्म लावून सुमारे दोन महिने अंधारात ठेवली आणि फिल्मवर कडं उमटलं.

औषधांचं प्रकरण जपानमध्ये कळलं. महायुद्धानंतर तिथे आमांशाची मोठी साथ चालू होती, शिगेला जंतूची, आणि १९५० च्या दशकात डॉक्टरांना असे रुग्ण मिळायला लागले की ज्यांच्या जंतूंवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन ही चारही औषधं एकदम फुकट. त्याच रुग्णाच्या पोटात कधी साधा जंतूही असायचा, कधी चारही पचवलेला. एक एक करून सवय लागली म्हणावं तर चार औषधं एकाच दिवशी कशी? १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ही चारही बळं ई. कोलायकडून शिगेलाकडे एका गठ्ठ्यात जातात. बाहेरच्या जगाने हे नीट वाचलं ते १९६३ च्या सुमारास, त्सुतोमु वातानाबेंनी इंग्रजीत सविस्तर लिहिलं तेव्हा. म्हणजे ‘सवय’ शब्द मोडीत निघून साठ वर्षं झाली आणि आपण अजून छापतोय (आणि मी शिकवत होते).

आता तुम्ही म्हणाल की मग औषध बंद केलं की कडं टाकून देतील ना जंतू, उगाच ओझं कोण वागवेल? ओझं आहेच ते, आणि काही टाकतातही. पण कडंही कमी लबाड नाही. एफ प्लाझ्मिड दोन प्रथिनं बनवतं, एक विष आणि एक उतारा. विष टिकाऊ, उतारा लवकर विरघळणारा. पेशी फुटून दोन झाल्या आणि एकीच्या वाट्याला कडं आलं नाही तर तिच्यात उतारा नव्याने बनत नाही, जुना संपतो, विष उरतं आणि ती मरते. आणि ते विष कशावर बसतं माहितेय? गायरेजवर. सिप्रो ज्याला पकडतं त्यालाच, फक्त जागा वेगळी. म्हणजे सोडून जाशील तर मरशील असा कारभार आहे. सवय म्हणायचीच असेल तर जंतूला त्या कड्याची आहे, औषधाची नाही.

दिल्लीचं नाव लागलेलं एनडीएम-वन हे जनुक आठवत असेल तुम्हाला, २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात सापडलं, मेरोपेनेमसारख्या शेवटच्या फळीतल्या औषधालाही फोडतं, आणि नावावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. नाव देणं बरोबर की चूक यात आपण इतके अडकलो की २०११ चा पाहणीचा निकाल कोणाच्या लक्षात राहिला नाही, नवी दिल्लीत साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ मध्ये ते जनुक मिळालं होतं. हॉस्पिटलात नाही, रस्त्यावरच्या डबक्यात. म्हणून माझं एक म्हणणं आहे. आपण नेहमी छापता, अमुक नदीत कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) इतके, तमुक विहिरीत इतके. किती ते छापता, पण त्यांच्या हातात कोणती कडी आहेत हे कोणी तपासलं का, हा प्रश्न आपल्या वार्ताहरांनी एकदा विचारून बघावा. आणि घरात उरलेल्या गोळ्या सिंकमध्ये ओतणाऱ्यांनीही (आमच्या घरात हा मान माझ्या मिस्टरांचा) थोडा विचार करावा, कारण गटारात औषधाचा अंश असला की कडंवाले तेवढे तगतात.

पण हे सगळं वाचून कड्याला खलनायक करू नका. आमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीशेजारी, मिस्टरांचं इन्सुलिनचं पेन असतं. १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनची जनुकं प्लाझ्मिडवर चढवून ती कडी ई. कोलायला दिली, १९८२ मध्ये ते इन्सुलिन बाजारात आलं, त्याआधी डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढायचे. म्हणजे ज्या जातीच्या जंतूने मला मे महिनाभर छळलं त्याच्या भाऊबंदांनी ही वाट उघडून दिली. आणि एक गंमत, प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं जुनं कडं, पीबीआर३२२, ४३६१ जोड्यांचं, त्याच्यावर मुद्दाम अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिन पचवायची जनुकं ठेवलेली आहेत. का, तर कोणत्या जंतूने कडं घेतलं हे ओळखायला सगळ्यांवर औषध टाकायचं, जगला तो आपला.

तारगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरी गोळे, गोवेकरांना सांगायला नकोत, पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर येतात, पायाला चिकटले की रॉकेलशिवाय निघत नाहीत. आनंद मोहन चक्रवर्ती या आपल्या बंगाली माणसाने अमेरिकेत स्युडोमोनास जंतूत तेलाचे वेगवेगळे भाग खाणारी प्लाझ्मिडं एकत्र आणली आणि त्या जंतूच्या पेटंटचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९८० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, माणसाने घडवलेल्या जिवंत जंतूला पेटंट मिळू शकतं म्हणून. आणि कोविडात २० ऑगस्ट २०२१ ला आपल्या देशात मंजूर झालेली झायकोव्ह-डी ही लस, माणसासाठी जगातली पहिली डीएनए लस, तीही प्लाझ्मिडच, सुईशिवाय कातडीत सोडायची. फार कोणाला मिळाली नाही ती, पण पहिली होती.

काही कडी नुसती फुकटीही असतात. बेकरीच्या यीस्टमध्ये टू-मायक्रॉन नावाचं कडं असतं, एका पेशीत चाळीस ते साठ नकला, यीस्टला त्याचा काहीही उपयोग सापडलेला नाही, फक्त स्वतःला टिकवतं. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की मला हल्ली तेच आठवतं, मिस्टर म्हणतात तुला पावातसुद्धा डीएनए दिसतो.

नातीने सुंभ खाली ठेवून विचारलं, मग आपल्यात गोल डीएनए नाहीच का? आहे ना. आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया असतात, श्वासातला ऑक्सिजन वापरून अन्नातून शक्ती काढणाऱ्या भट्ट्या, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए आहे आणि तो गोल, १६,५६९ जोड्या, फक्त ३७ जनुकं, १९८१ मध्ये संपूर्ण वाचला गेला. गोल का, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या भट्ट्या स्वतंत्र जंतूच होत्या, दुसऱ्या पेशीत शिरल्या आणि तिथेच नांदल्या, लिन मार्गुलिसने १९६७ मध्ये हे मांडलं तेव्हा लोक हसले होते. आणि हे कडं येतं फक्त आईकडून, बापाच्या मायटोकाँड्रियांचा गर्भात निकाल लागतो. आमच्याकडे कुळ बापाचं, गोत्र बापाचं, देव बापाचा, लग्न झालं की बाईचं सगळं बदलतं, पण हे कडं माझ्या आजीचं आईकडे, आईचं माझ्याकडे, माझं लेकीकडे आणि लेकीचं या समोर बसलेल्या पोरीकडे आलंय. माझ्या मुलाकडेही आहे पण त्याच्यापाशी संपलं, त्याच्या मुलांत त्याच्या बायकोचं.

आणि हे सांगायचं कारण नुसतं कौतुक नाही. रिपोर्टमध्ये ॲमिकासिन एस होतं ना, डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी नाही आटोपलं तर त्याची इंजेक्शनं देऊ. ॲमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं जंतूचं प्रथिन बनवायचं यंत्र बिघडवतात. आपल्या मायटोकाँड्रियातलं तसलंच यंत्र मूळचं जंतूचंच, आणि काही घराण्यांत त्या १६,५६९ पैकी १५५५ क्रमांकाचं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे ते यंत्र जंतूच्या यंत्रासारखं आणखी जास्त दिसतं. अशा माणसांना या इंजेक्शनांनी कायमचं बहिरेपण येऊ शकतं, हे १९९३ मध्ये कळलं. माझ्या मावशीला तरुणपणी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनचा कोर्स दिला होता आणि त्यानंतर तिला ऐकू येईनासं झालं. कारण हेच होतं असं मी म्हणत नाही, त्या औषधाने एरवीही कान जातात. पण मावशीचं कडं आणि माझं कडं एकच, म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, दोन मिनिटं विचारपूस केली, आईचं काय, आणखी भावंडं, त्यांची मुलं, आणि फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलं. शेवटी नायट्रोफ्युरँटॉइननेच काम झालं, इंजेक्शनाची वेळ आली नाही.

पत्र लांबलं, छापताना काटछाट कराल याची कल्पना आहे, कराच. फक्त पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा ‘सवय’ खोडून ‘एका जंतूने दुसऱ्याला दिलं’ एवढं लिहा, शब्द थोडे जास्त लागतील पण जागा आहे आपल्याकडे, वाढदिवसाच्या शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात त्याच पानावर होती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

ता. क. सुंभाचं ते कडं अजून पडवीत खिळ्याला टांगलेलं आहे, गुंता तसाच. नात जाताना त्याला चिठ्ठी अडकवून गेलीय, ‘कापायचं नाही, कापलं तर धरून ठेवून परत जोडायचं’.